गाडीखालचा ओलावा

पौष लागला की श्रीगोंद्याची हवा गोड होते. हे मी अलंकार म्हणून म्हणत नाही. कारखान्यांचे गाळप ऐन भरात असते, उसाच्या ट्रॉल्या अखंड वाहत असतात, आणि पहाटेच्या विरळ धुक्याबरोबर उकळत्या रसाचा, ओल्या चिपाडाचा आणि किंचित आंबूस मळीचा एक संमिश्र गंध गावावर उतरून येतो. दोरीवरच्या कपड्यांत, अंथरुणांत, पुस्तकांच्या पानांतसुद्धा तो मुरून राहतो. त्या सकाळी दुधाची पिशवी घ्यायला मी दार उघडले, तेव्हा या ओळखीच्या गोडव्यात एक परका, जड, करपट वास मिसळलेला जाणवला. कोवळे ऊन नुकतेच पोर्चच्या फरशीवर टेकत होते, आणि त्या उन्हात, आमच्या जुन्या गाडीच्या पोटाखाली, भाकरीएवढा काळा डाग लखलखत होता.

तो पाहून मला, खोटे कशाला बोलू, बरे वाटले.

का बरे वाटले हे सांगायचे तर आधी गाडीविषयी सांगायला हवे, आणि गाडीविषयी सांगायचे तर सुमनविषयी. सुमन माझी पत्नी. मिरजगावच्या एका बौद्ध कुटुंबातली, रस्त्याच्या कामावर खडी फोडणाऱ्या आईवडिलांची थोरली लेक. आईवडील उन्हात राबत असताना ही पोर डांबराच्या रोलरकडे तासन्‌तास बघत बसायची. तो थांबला की ड्रायव्हरला विचारायची, आता आत काय थांबलं? दहावीनंतर तिने आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकसाठी अर्ज भरला, तेव्हा खिडकीतल्या माणसाने तो दोनदा परत दिला; शिवणकामाची रांग पलीकडे आहे म्हणाला. तिसऱ्यांदा तिने अर्ज आत सरकवला आणि हात तिथेच ठेवला. पुढे ती त्याच विषयाची निदेशिका झाली, आणि एकोणतीस वर्षे तिच्या हाताखालून जी मुले शिकून गेली, ती आज मिरजगावपासून कोपरगावापर्यंतच्या रस्त्यांवर आपापली गॅरेजे थाटून बसली आहेत.

मी गावातल्या महाविद्यालयात मराठी शिकवले. मला गाडी चालवता येत नाही. सत्तावीस वर्षांपूर्वी ही दुधी रंगाची गाडी घरी आली ती सुमनची म्हणून, आणि आजवर ती चालवली फक्त सुमनने. मी डावीकडच्या सीटवर बसून शेते पाहिली, सूर्यास्त पाहिले, व्याख्यानांची टिपणे काढली. डॅशबोर्डवर तिने चिकटवलेली बोटभर उंचीची बुद्धमूर्ती आणि मी, असे आम्ही दोघे तिच्या शेजारी बसून निश्चिंतपणे जिल्हाभर फिरलो. आमची मेघना याच गाडीतून दवाखान्यातून घरी आली. सुमनच्या वडिलांना अखेरचे मिरजगावला नेले तेही याच गाडीतून, आणि त्या दिवशीही स्टिअरिंगवर तीच होती.

दिवाळीनंतर तिच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. वॉकर आला, गाडी पोर्चमध्ये उभी राहिली; बॅटरी उतरू नये म्हणून सुमन मला ती मधूनमधून जागच्या जागी चालू करायला लावी, एवढेच. पुण्याहून मेघना फोन करी आणि म्हणे, बाबा, आता पुरे झालं, आईला पुन्हा ती गाडी चालवू देऊ नका. जुन्या गाड्या सुट्या भागांसाठी घेणारा कोपरगावचा एक माणूस तिने शोधून काढला. तो रविवारी येणार होता. मी हो म्हणून बसलो होतो. सुमनला न विचारता. कसे सांगावे याचा विचार करण्यात आठवडा गेला होता, आणि बुधवारी सकाळी हा डाग, मला न मागता मिळालेल्या सबबीसारखा, फरशीवर पसरला होता.

मी आत जाऊन शक्य तितक्या गंभीर आवाजात सांगितले, की गाडीने आता राम म्हटला. सुमनने चहाचा कप खाली ठेवला आणि एवढेच विचारले, "कुठून गळतंय?"

दुपारी भाऊसाहेब आला. दौंडच्या रस्त्यावर त्याचे गॅरेज आहे, पन्नाशी ओलांडलेला हा गृहस्थ सुमनचा अगदी पहिल्या तुकडीतला विद्यार्थी. पाठीवर आडवा होऊन तो गाडीखाली गेला, टॉर्च फिरवला, बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, "मॅडम, मागचं ऑइल सील गेलंय. गिअरबॉक्स उतरवावा लागंल. एवढ्या जुन्या गाडीला कशाला खेळत बसता?" इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडतात त्या सांध्यातून थेंब पडत होते, हे त्याने मलाही दाखवले. मला ते पुरेसे पटले. सुमनने त्याला जाऊ दिले. तो गेल्यावर मात्र वॉकर टेकत टेकत पोर्चमध्ये आली, खुर्ची मागवली, स्टुलावर पाय ठेवला आणि बॉनेट उघडायला सांगितले.

मी यापूर्वी कधी न टिपलेली एक गोष्ट त्या घटकेला माझ्या ध्यानात आली. घरात, बाजारात, बँकेत सुमन माझ्यासारखेच बोलते. पण इंजिनाजवळ गेली की तिची बोली थेट मिरजगावची होते, जणू हे ज्ञान तिला ज्या भाषेत पहिल्यांदा झाले त्याच भाषेत ते नांदत असावे.

"त्यानं खालनं बघितलं," ती म्हणाली. "त्याल पडतं खाली, पन फुटतं वर. पार वरचा वला ठिपका जिथं, तिथं दुखनं. मला वाकता येत न्हाई. तुमीच बघा."

मी! ज्याने आयुष्यात कधी सायकलची साखळी स्वतः बसवली नाही, तो मी, जुना पायजमा घालून, रॉकेलचा डबा आणि दात घासायचा टाकाऊ ब्रश घेऊन त्या काळोख्या यंत्रासमोर उभा राहिलो. आधी बॅटरीची तार सोडवली. ज्या भागांत पाणी वा रॉकेल जाऊ नये त्यांच्यावर तिने सांगितले तशा प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या. मग त्या संध्याकाळच्या आणि दुसऱ्या सकाळच्या मऊ उन्हात मी ते इंजिन धुतले. सत्तावीस वर्षांची धूळ आणि तेल यांचा जो थर साचला होता, तो शेणाने सारवलेल्या भिंतीसारखा पोपडे धरून निघत होता. आणि त्याखालून हळूहळू एक राखाडी, शांत, घडीव धातू वर येऊ लागला. कुठे अंक कोरलेले, कुठे बाण, कुठे कुणा अनोळखी कारागिराने ठोकलेली खूण. सुमन खुर्चीवरून एकेक नाव सांगत होती. मी आजन्म नामांचा व्यवसाय केला, पण माझ्या घराच्या पोर्चमध्ये इतकी नामे झाकून ठेवलेली असतील याची मला कल्पना नव्हती.

सगळे कोरडे झाल्यावर तिने आपल्या टेबलावरचा पावडरचा डबा आणायला लावला. हातावर घेऊन मी ती फुंकली. इंजिन पांढरे झाले, पोर्चमध्ये चंदनाचा वास पसरला, आणि मला हसू आवरेना. मग पिशव्या सोडून, बॅटरीची तार पुन्हा जोडून, ड्रायव्हरच्या जागी बसून मी किल्ली फिरवली. पंधरा मिनिटे गाडी जागच्या जागी धडधडत राहिली. बंद केल्यावर सुमनचा छोटा आरसा एका काडीला बांधून मी इंजिनामागच्या अरुंद फटीत सरकवला, दुसऱ्या हाताने टॉर्च धरला.

"काय दिसतंय?"

मी सांगू लागलो. पांढऱ्या पावडरवरून एक काळसर, मधाच्या रंगाकडे झुकणारी रेघ, पावसाळ्यात खिडकीच्या काचेवर ओघळते तशी...

"रंग नका सांगू. वलं हाय का कोरडं?"

"ओलं."

"कुठवर?"

"वर जाते आहे. वळणावळणाची, एखाद्या..."

"अहो, कुठवर?"

"वरच्या झाकणापर्यंत. मागच्या कोपऱ्यात. त्याच्या वर कोरडं."

ती खुर्चीत मागे रेलली. वर्गात अपेक्षित उत्तर मिळाल्यावर माझ्याही चेहऱ्यावर असाच भाव येत असेल काय, कोण जाणे. इंजिनाच्या माथ्यावर जे झाकण असते, त्याखालच्या पॅकिंगमधून तेल पाझरत होते. तिथून ते मागच्या अंगाने लपतछपत खाली उतरून त्या सांध्यापाशी थेंब होऊन पडत होते. सीलचा काही दोष नव्हता. भाऊसाहेबाने थेंब पाहिला होता, वाट पाहिली नव्हती.

नवे पॅकिंग मी बाजारातून चालत जाऊन आणले. जुने निघाले ते वाळलेल्या कुरडईसारखे. बोट लावताच काडकन मोडले. नवे बसवताना सुमनने मला नट आधी नुसत्या बोटांनी फिरवायला लावले, मग पान्याने, आणि तेही एकापाठोपाठ एक नव्हे तर समोरासमोरचे, थोडे थोडे. मी जोर लावला की ती म्हणे, "दमानं. आवळलं म्हंजी गळायचं थांबतं असं न्हाई." गुरुवारी सूर्य मावळला तेव्हा माझ्या दहाही नखांत काळे तेल होते, कंबर मोडली होती, आणि मनात एक असा निर्भेळ, बालिश अभिमान होता की जो माझ्या कुठल्याही प्रकाशित लेखाने मला दिला नव्हता. गाडी थोडा वेळ चालू ठेवून, मग तिच्याखाली स्वच्छ पुठ्ठा अंथरून मी आत गेलो.

शुक्रवारी सकाळी पुठ्ठ्यावर तीन थेंब होते.

आरसा घालून पाहिले. नव्या पॅकिंगची कड ओली. शिवाय पुढच्या बाजूला, जिथे काल सगळे कोरडे होते तिथेही, एक नवी चमक. मी टॉर्च विझवला. थकवा होता, अपमान होता, आणि त्या दोहोंच्या आडून, बुधवारी सकाळपासून दबा धरून बसलेली ती गोष्ट माझ्या तोंडून बाहेर पडली.

"जाऊ दे ना सुमन. नाहीतरी रविवारी माणूस येतोय गाडी न्यायला."

तिने माझ्याकडे पाहिले. "कुठला माणूस?"

मी सांगितले. सगळे सांगितले, मेघनाचा फोन, कोपरगाव, माझा होकार. ती रागावली असती तर मला सोपे गेले असते. ती फक्त म्हणाली, "मला विचारायचं तरी होतं." हे ती मिरजगावच्या बोलीत बोलली नाही. घरातल्या, बँकेतल्या, परक्या माणसांशी बोलायच्या स्वच्छ मराठीत बोलली. मग वॉकर ओढून घेतला आणि आत निघून गेली. वॉकरच्या रबरी पायांचा तो आवाज, एक टेकणे, एक पाऊल, एक टेकणे, एक पाऊल, बैठकीतून आतल्या खोलीपर्यंत मी ऐकत राहिलो.

त्या दिवशीची दुपार फार लांब होती. उसाने भरलेली ट्रॉली रस्त्यावरून गेली की तिच्या मागे चार-दोन कांडकी पडत, शेजारची वासरे ती चघळत उभी राहत. बोरीच्या पानांतून ऊन फरशीवर सांडत होते. मी पायरीवर बसून राहिलो. आयटीआय आमच्या घरापासून फार तर दोन किलोमीटर. एकोणतीस वर्षे ती रोज तिथे जात होती, संध्याकाळी परतताना तिच्या ओढणीला ग्रीसचा वास येत होता, आणि मी त्या वासाला तिचा वास म्हणून स्वीकारले होते. पण तिच्या वर्कशॉपचा उंबरठा मी एकदाही ओलांडला नव्हता. कधी छत्री, कधी विसरलेला चष्मा द्यायला गेलो, तर फाटकापाशी उभा राहून शिपायाच्या हाती दिला. माझ्या व्याख्यानांना मात्र ती नेहमी येई. तिसऱ्या रांगेत बसे, आणि परतताना गाडी चालवत चालवत, मी कुठे लांबण लावली ते सांगे. मी तिला कधी विचारले होते का, की आज तू मुलांना काय शिकवलेस? आठवून पाहिले. आठवेना. रात्री मी केलेल्या पिठल्याचा गोळा झाला होता, त्याबद्दलही ती काही बोलली नाही. ते तर फारच वाईट लक्षण होते.

शनिवारी सकाळी मी उठलो तेव्हा ती पोर्चमध्ये होती. एकटी, वॉकरवर भार देऊन, उघड्या बॉनेटसमोर. शाल खांद्यावरून घसरली होती.

"चालू करा," ती माझ्याकडे न पाहता म्हणाली.

मी केली.

"आता इकडं या. तेल भरायचं झाकण काढा. आणि ती दुधाची पिशवी धरा त्याच्या तोंडावर."

मी धरली. ती रिकामी पिशवी माझ्या हातात सावकाश फुगू लागली. जत्रेतल्या फुग्यासारखी तट्ट झाली आणि तिच्या कडेकडेने निळसर धूर फसफसून बाहेर येऊ लागला. सुमन हसली. कालपासून पहिल्यांदा.

"रातभर डोळ्याला डोळा न्हाई माझ्या," ती म्हणाली. "नवं पॅकिंग गळंल कसं? आनि दोन-दोन ठिकानी एकदम? पॅकिंग न्हाईच ओ गेलेलं. ब्रीदर चोक हाय. आतली हवा कोंडली, मग ती जिथं फट सापडंल तिथनं त्याल घिऊन भाईर पडनारच. मीच आधी बघाया पायजे हुतं. एकोनतीस वर्षं पोरांना हेच सांगितलं मी."

इंजिनाच्या आत इंधन जळताना थोडा धूर खाली उतरतो, आणि त्याला परत जायला एक नळी ठेवलेली असते. अंगठ्याएवढी, साधी, रबराची. ती मी तिच्या सांगण्यावरून सोडवली. आत काकवीसारखा घट्ट, काळा गाळ टोकापर्यंत भरला होता. पलीकडचा उजेड दिसत नव्हता. मी ती हातात धरून उभा राहिलो, माझ्या चेहऱ्यावर काहीतरी उमटले असावे, कारण ती लगेच म्हणाली, "यावर लेख लिहू नका आता."

मी नाही लिहिणार म्हणालो. तो शब्द मी इथे मोडतो आहे, हे तिला ठाऊक आहे.

त्याच पावली मी आत जाऊन मेघनाला फोन लावला. म्हटले, त्या माणसाला येऊ नको म्हणून कळव. मी परस्पर हो म्हणालो ही माझी चूक झाली. गाडी आईची आहे, ठेवायची की काढायची ते आई ठरवेल.  मेघनाने विचारले, "बाबा, आई म्हणत होती तुम्ही गाडी दुरुस्त करताय. खरंच?" म्हणजे रात्री या दोघींचे बोलणे झाले होते तर. मी होय म्हणालो. ती इतकी हसली की शेवटी मलाच फोन ठेवावा लागला.

दुपारी भाऊसाहेब नवी नळी आणि तिच्या तोंडाशी बसणारी छोटी झडप घेऊन आला. जुनी नळी त्याने उन्हाकडे धरून पाहिली आणि कान पकडले. "मॅडम, तुमी पयल्या महिन्यात शिकवल्यालं. म्या चाळीस गाड्यांचं सील बदललं आसंल, आन्‌ नळी बगायची इसरलो." सुमनने त्याला बसवले, चहा दिला, त्याच्या मुलीच्या नर्सिंगच्या परीक्षेची चौकशी केली. त्याला रागवायचे तिच्या मनातही नव्हते. तो निघताना एवढेच म्हणाली, की मलाही तीन दिवस लागले, भाऊसाहेब.

रविवारी पुठ्ठा कोरडा होता. सोमवारी कोरडा. मंगळवारी मी पहाटेच, दुधाच्याही आधी, चटईवर पालथा पडून टॉर्चने पाहिले, आणि उठताना खिडकीत उभी असलेली सुमन दिसली. ती माझीच वाट पाहत होती. मी मान हलवली. कोरडे. मी एका शब्दात बोलायला शिकलो होतो.

त्याच दिवशी उन्हे वर आल्यावर तिने पुन्हा एकदा गाडी चालू करायला सांगितली. आता कशाला, सगळे ठीक तर आहे, असे मी म्हणालो नाही. ड्रायव्हरच्या जागी जाऊन बसलो. बॉनेट उघडे असल्यामुळे समोरची काच झाकली गेली होती. त्याच्या खालच्या बाजूला चार बोटे रुंदीची फट तेवढी उरली होती, आणि त्या फटीतून मला सुमन दिसत नव्हती, दिसत होता फक्त तिचा उजवा हात. गाडीच्या काठावर सपाट टेकलेला. शिरा वर आलेल्या, तर्जनीवर पान्याचा जुना व्रण. हा व्रण कधीचा, ते मला माहीत नव्हते.

"थोडं वाढवा," ती म्हणाली. मी पाय दाबला. इंजिनाचा आवाज उंचावला. "सोडा." मी सोडले. तिची बोटे काठावर किंचित हलली, थांबली, पुन्हा हलली. एखादा जाणता माणूस गाणे ऐकताना मांडीवर हलवतो तशी, पण तेवढीही नाही. पुन्हा वाढवा. पुन्हा सोडा. मी डोळे मिटून घेतले. मला एक आवाज ऐकू येत होता, एकसंध, सत्तावीस वर्षे ज्याच्याशेजारी मी निश्चिंत बसलो तोच. तिला त्यात काय काय ऐकू येत असेल? किती वेगवेगळे आवाज, कुठला कुठून निघतो, कुठला उद्या बिघडणार आहे?

"ऐकलंत?" फटीपलीकडून तिने विचारले.

एरवी मी हो म्हणालो असतो.

"नाही," मी म्हणालो. "काय आहे?"

 हात तिथेच होता.

"परत ऐका मग," ती म्हणाली, आणि मी पुन्हा, हळूच, पाय दाबला.